रोज एक पान, की सारी रात्र?

एखाद्या नव्या कथेचे नाव निघाले की आपण पहिली चौकशी करतो ती तिच्या जातीची. सामाजिक की ऐतिहासिक, कौटुंबिक की रहस्यमय, विनोदी की गंभीर? गावच्या वाचनालयातील कपाटांवरही अशाच पाट्या असतात आणि एका कपाटातले पुस्तक दुसऱ्या कपाटात गेले तर ग्रंथपाल अस्वस्थ होतो. या चौकशीत गैर काही नाही. घरातील लहानथोर एकत्र बसणार असतील तर पानात काय वाढले जाणार हे आधी कळलेले बरे. परंतु गेल्या काही वर्षांत मराठीत अशा काही चित्रमालिका निघाल्या की त्यांना कोणत्या कपाटात ठेवावे हे ग्रंथपालालाही सांगता येऊ नये. भूतकथा म्हणून पाहावयास बसावे तर निघते भाऊबंदकीची कथा. रहस्यकथा म्हणून बसावे तर निघतो दैव आणि पुरुषार्थ यांचा पुरातन वाद. शिवाय मोबाइल आणि इंटरनेट यांच्या सोयीमुळे या मालिका रोज अर्धा तास न पाहता रात्रभर बसून सलग पाहता येतात. तरुण मंडळी त्याला 'फडशा पाडणे' म्हणतात, आणि चकल्यांच्या डब्याचा पाडावा तितक्याच उत्साहाने तो पाडतात.

प्रस्तुत लेख अशा दोन मालिकांविषयी आहे. एक 'झी मराठी' वाहिनीवरील 'रात्रीस खेळ चाले'. तिचा पहिला भाग २०१६ साली, दुसरा २०१९-२० मध्ये आणि तिसरा २०२१-२२ मध्ये झाला. दुसरी 'समांतर'; ती 'एमएक्स प्लेअर'वर २०२० आणि २०२१ साली दोन भागांत आली. दोन्ही मालिका संमिश्र आहेत, दोन्ही गाजल्या. पण गाजणे ही परीक्षा नव्हे. मला विचार करावासा वाटतो तो दोन प्रश्नांचा. निरनिराळ्या जातींची ही मिसळ केव्हा रुचकर होते आणि केव्हा नुसती भेसळ ठरते? आणि रात्रभर बसून पाहिल्याने तिची गोडी वाढते, की उतरते?

मिसळीचे कुळ

अशी मिसळ म्हणजे काही अपूर्व, परदेशातून आलेला प्रकार आहे, असे काही जाणकार लिहितात. त्यांना शिमग्यात आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत आणून बसवावे असे वाटते. नमन-खेळे सुरू झाले की प्रथम गण होतो. तेव्हा माणसे हात जोडतात. मग गवळण येते. तेव्हा तीच माणसे मिशीत हसतात. मध्येच संकासूर येतो: काळा वेष, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. त्याला पाहून पोरे आईच्या पदराआड दडतात आणि पुढच्याच क्षणी त्याच्या खोडीने खिदळू लागतात. नंतर वग लागतो, त्यात राजा असतो, कट असतो, रडणे असते, गावच्या पुढाऱ्याला मारलेली कोपरखळीही असते. भक्ती, शृंगार, भय, हास्य आणि करुणा एकाच मृदंगावर आणि एकाच रात्रीत पार पडतात. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात दशावताराची तीच रीत. त्याला लिहिलेली संहिता नसते, संवाद नट आयत्या वेळी रचतात आणि जत्रेच्या रात्री सुरू झालेला खेळ पहाटे दहीकाल्याने संपतो.

तेव्हा रात्रभर पाहणे हेही आम्हाला नवे नाही. उलट तुकड्यातुकड्याने पाहणे-वाचणे हीच नंतरची सवय. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' पत्राने १८९० पासून मराठी वाचकाला ती सवय लावली. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः घरोघरी पोहोचली. पुढचा अंक येईपर्यंत यमूचे काय होणार या चिंतेत वाचकांनी दिवस काढले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर ही क्रमशःची गोडी पडद्यावर आली. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने घरात येऊन बसले ते कायमचे.

खाजगी वाहिन्यांच्या काळात मिसळीचा पहिला ठळक प्रयोग म्हणून मी २००७ सालच्या 'असंभव'चे नाव घेईन. पुनर्जन्माची गूढकथा एका सुखवस्तू घरातील लग्नाच्या गोष्टीत गुंफण्याचे धाडस तिने केले. पाठोपाठ आलेल्या 'अग्निहोत्र'मध्ये नाशिकचा वाडा, विखुरलेले कुटुंब आणि आठ गणपतींचा शोध असा त्रिवेणी संगम होता. दोन्हींचे दिग्दर्शक सतीश राजवाडे. 'समांतर'चा पहिला भागही त्यांचाच. म्हणजे हा ओढा अचानक उगम पावलेला नाही, त्याला बरेच मागून पाणी आले आहे.

नाईकांचा वाडा

'रात्रीस खेळ चाले' या नावात १९७६ सालच्या 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातील गाण्याचा प्रतिध्वनी आहे. मालिकेचे चित्रण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी गावी झाले. दिग्दर्शक राजू सावंत आणि लेखक प्रल्हाद कुडतरकर, ज्यांनी पांडूची भूमिकाही केली. पहिल्या भागाचा आरंभ मृत्यूने होतो. अण्णा नाईक गेले म्हणून मुंबईचे चाकरमानी मुलगे-सुना कोकणातल्या घरी येतात, आणि बारा दिवसांसाठी आलेली माणसे त्या घरातच अडकून पडतात. कुणीतरी काहीतरी लपवीत आहे, कुणाला तरी काहीतरी दिसत आहे आणि सर्वांच्या मनात इस्टेट आहे.

हा आरंभ पाहताना जगातील एका प्रसिद्ध मालिकेची आठवण होते. १९९० साली अमेरिकेत डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांनी 'ट्विन पीक्स' केली. एका लहान गावी एका तरुण मुलीचे प्रेत सापडते आणि तिच्या मृत्यूचा शोध घेता घेता साऱ्या गावाची झाकली मूठ उघडते. तपासकथा, कौटुंबिक रडारड आणि दुःस्वप्न यांचे ते विलक्षण मिश्रण होते. १९९२ मध्ये लिंच यांनी चित्रपट काढून त्याच मुलीचे अखेरचे दिवस दाखविले. आधी मरण आणि मग जगणे, असा हा उलटा प्रवास. नाईकांच्या वाड्यानेही नेमके हेच केले. दुसरा भाग काळात मागे गेला आणि पहिल्या भागात जो माणूस केवळ एक मृत्यू होता, तो हाडामांसाचा होऊन ओसरीवर येऊन बसला.

माझ्या मते हा दुसरा भाग, विशेषतः त्याचा पूर्वार्ध, हीच या मालिकेची खरी कमाई. कारण येथे 'पुढे काय होणार' हा प्रश्नच मालिकेने आपल्या हाताने पुसून टाकला. अण्णा मरणार, घर शापित होणार, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. रहस्यकथेच्या व्यापाऱ्याला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. पण दशावतार पाहणाऱ्याला त्यात नवल नाही. कीचक मरणार हे जत्रेतल्या कोणाला ठाऊक नसते? तरी माणसे पहाटेपर्यंत बसतात, ती कीचक कसा माजतो आणि कसा फसतो हे पाहण्यासाठी. रहस्याची जागा स्वभावाने घेतली की भूतकथेची शोकांतिका होऊ लागते.

अण्णांच्या भूमिकेत माधव अभ्यंकर यांनी असा एक माणूस उभा केला आहे की ज्याच्यावर संतापावे की त्याला हसावे हे कळू नये. तो लंपट आहे, क्रूर आहे, दुसऱ्याची जमीन गिळणारा आहे. आणि तो गमतीचाही आहे. येथेच या मालिकेचा नैतिक पेच आहे. महाराष्ट्राने या माणसावर प्रेम केले. अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांनी उभी केलेली शेवंता यांच्या प्रकरणावर घरोघरी विनोद झाले. परंतु त्याच घराच्या स्वयंपाकघरात माई आहेत. शकुंतला नरे यांनी माईंचे मुकेपण फार संयमाने दाखविले आहे. अण्णांच्या एखाद्या बोलण्यावर आपण हसतो, आणि दृश्य बदलून माईंचा चेहरा समोर आला की ते हसू ओठांवरच राहते. जेथे जेथे दिग्दर्शकाने हा चेहरा दाखविण्याची आठवण ठेवली, तेथे मालिका मोठी झाली. जेथे ती आठवण सुटली, तेथे आपणही अण्णांच्या बैठकीतले एक खुशमस्करे होऊन बसलो.

दुसरे पात्र पांडूचे. पांडू वेंधळा, सगळीकडे असणारा, सगळे पाहणारा, आणि विचारले की 'इसरलंय' म्हणणारा. प्रेक्षकांनी हा शब्द उचलला. माझ्या वर्गात गृहपाठाची वही मागितली की मुले त्याच थाटात उत्तर देऊ लागली. परंतु गंमत बाजूला ठेवून पाहावे. ज्या घरात प्रत्येकाला आजापणजापासूनचा हिशेब तोंडपाठ आहे, कोणी कोणाला काय कमी दिले हे जेथे कोणी विसरत नाही, त्या घरात विसरणारा माणूस एकच आहे, आणि तो वेडा ठरला आहे. पांडू हा त्या वाड्यातला संकासूर. त्याला भिऊन हसावे आणि हसता हसता भ्यावे. एका पात्रात दोन रस असे नांदले म्हणजे मिसळ साधली असे मी समजतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला भाग सुरू होताच खुद्द कोकणातून तक्रार झाली की ही मालिका आमच्या भूमीला भुताखेतांची भूमी ठरविते. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर तीन वर्षांच्या आत घरोघरी रात्री साडेदहाला देवस्की आणि करणी यांची चर्चा सुरू व्हावी, याची खंत वाटणाऱ्यांना मी वेडे म्हणणार नाही. मीही शिक्षक आहे आणि अंधाराला भिणारी मुले पाहत असतो. मालिकेत नीलिमा नावाची विज्ञाननिष्ठ सून आहे. पण तिला वाक्ये दिली आहेत, वजन दिलेले नाही. ती बोलते तेव्हा पाठीमागे संगीत थांबते. इतर भितात तेव्हा ते घुमते. वादात एका पक्षाला तबला-पेटीची साथ आणि दुसऱ्याला नाही, हा न्याय नव्हे.

तरीही हा आक्षेप मला पुरा पटत नाही. कारण या मालिकेतील भीतीचे मूळ खणून पाहिले तर ते स्मशानात सापडत नाही. ते सातबाऱ्यावर सापडते. वच्छीचा तळतळाट वाड्याला लागतो तो तिची जमीन गेली म्हणून. कोकणच्या माणसाला विचारा: बंद पडलेल्या सामाईक घराची त्याला भीती का वाटते? तेथे भूत असते म्हणून नव्हे. तेथे गेले की दहा हिस्सेदारांची दहा तोंडे उघडतात म्हणून. कोर्टात दोन-दोन पिढ्या चाललेले दावे, कुळवाडीची जुनी दुखणी, बहिणीने सोडलेला किंवा तिच्याकडून सोडवून घेतलेला हक्क, ही आमची खरी पिशाच्चे आहेत, आणि ती अमावास्येची वाट पाहत नाहीत. ही मालिका हे जेव्हा ओळखते तेव्हा ती कोकणची बदनामी करीत नाही, कोकणचे गुपित सांगते. लोकांना राग आला तो कदाचित त्याचाही असेल.

भाषेचीही एक गोष्ट येथेच सांगावयास हवी. या मालिकेतून मालवणी बोली विदर्भा-मराठवाड्यातल्या घरांत गेली आणि लोकांनी ती आनंदाने ऐकली. आमची संगमेश्वरी बोली मालवणीहून निराळी. पण दोघींचे दुखणे एक. ती बोलणारे मूल शाळेत आले की तोंड मिटते, कारण तोंड उघडले तर हसू होईल ही धास्ती. पडद्यावर शेजारच्या जिल्ह्याची बोली रडते, भांडते, कावेबाजपणा करते, हे पाहून आमच्याकडच्या मुलांचीही जीभ थोडी सैल झाली. बोली ही केवळ विनोदाची नव्हे, सुखदुःखाची भाषा आहे, हे पुस्तकात लिहून जे पटत नाही ते माईंच्या एका हुंदक्याने पटते.

मग उतार कोठे लागला? जेथे रोजच्या भागाची गरज कथेच्या गरजेहून मोठी झाली तेथे. प्रेक्षकसंख्येचे आठवड्याचे गणित ज्या घरात शिरते त्या घरात कोणाला वेळेवर मरता येत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीने चित्रीकरण थांबले, पुन्हा सुरू झाले आणि कथेचा श्वास तुटला. तिसऱ्या भागात अण्णा-शेवंता भुते होऊन परतली. मध्येच शेवंतेची नटीही बदलली. ज्या पात्रांच्या भुकेने आपण हादरलो होतो, ती आता आपल्याला दचकविण्याच्या नोकरीवर लागली होती. जमिनीची, वासनेची, अपमानाची कथा संपली होती. राहिला होता तो काळा झगा आणि घुंगरांचा पट्टा. आत माणूस नसलेला संकासूर कितीही नाचला तरी तो खुंटीवरचा वेषच. मिसळीची भेसळ होते ती अशी.

दुसऱ्याचा हात, आपली रेषा

वाड्यात माणसे अडकली आहेत ती मागच्या पिढ्यांच्या कर्मात. 'समांतर'मधला माणूस अडकला आहे तो पुढच्या दिवसांत. त्यामुळे या दोन मालिका एकामागून एक पाहणे फार उद्बोधक आहे.

सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरून ही मालिका घेतली आहे. शिरवळकर २००३ साली गेले. त्यांच्या हयातीत वाचनालयांतून त्यांच्या पुस्तकांची पाने झिजली, पण समीक्षकांनी त्यांना कपाटाबाहेर काढले नाही. कुमार महाजन हा गांजलेला, भविष्यावर विश्वास नसलेला तरुण मित्राच्या आग्रहाने एका स्वामींकडे जातो. ते त्याचा हात पाहतात आणि भविष्य सांगण्यास नकार देतात. कारण तंतोतंत असाच हात त्यांनी पुष्कळ वर्षांपूर्वी पाहिलेला असतो. त्या माणसाचे नाव सुदर्शन चक्रपाणी. त्याच्या आयुष्यात जे घडून गेले तेच कुमारच्या आयुष्यात घडावयाचे आहे. कुमार त्याच्या शोधाला निघतो.

कल्पना किती सोपी आणि किती भयंकर आहे पाहा! ही तपासकथाच आहे, पण शोध चालला आहे तो स्वतःच्या उद्याचा. ग्रीक नाटककार सोफोक्लीजचा राजा इडिपस दुसऱ्याचा अपराध शोधता शोधता स्वतःपाशी येऊन पोहोचतो. त्या घराण्याची ही कथा. आणि इतके दूर तरी कशाला? महाभारताच्या आदिपर्वातील परीक्षित आठवावा. सर्पदंशाने मरणार हे कळताच त्याने एका खांबावर महाल बांधून पहारे बसविले, आणि तक्षक आला तो फळातली बारीकशी अळी होऊन. टाळण्याच्या धडपडीतूनच अटळ गोष्ट आत शिरते, हे आपल्याला आजीने सांगितलेले आहे. 'समांतर'ने ते आजच्या कर्जबाजारी, नोकरीच्या विवंचनेतल्या माणसाला सांगितले.

पहिला भाग नऊ प्रकरणांचा. नऊच असल्यामुळे त्यात पाणी घालावयास जागा नाही. स्वप्नील जोशी यांना आपण गोड नायक म्हणून ओळखतो. येथे त्यांच्या चेहऱ्यावर चिडचिड आणि दाढी एकदमच वाढत जातात आणि ते बरे वाटते. तेजस्विनी पंडित यांची निमा नवऱ्याच्या वेडापायी होरपळते. चक्रपाणी झाले आहेत नीतीश भारद्वाज. दूरदर्शनच्या 'महाभारता'त ज्यांनी कृष्ण केला, त्यांनीच चक्रपाणी नावाच्या माणसाची भूमिका करावी, आणि 'पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे' अशा नजरेने पाहावे, हा योगायोग असो वा योजना, त्यातून वेगळाच अर्थ निघतो. फरक इतकाच की अर्जुनापुढचा कृष्ण सारे जाणून प्रसन्न होता. हा जाणणारा मनुष्य थकलेला आहे.

दुसरा भाग समीर विद्वांस यांचा. त्यात चक्रपाणीच्या रोजनिश्या कुमारच्या हाती येतात, आणि रोज एकच पान वाचावयाचे अशी अट असते. माझ्या मते साऱ्या मालिकेचा जीव या अटीत आहे. उद्याचे पान आजच उलटावे की नाही? कुमारचा हात पानाशी घुटमळतो तेव्हा त्यात भूत नाही, खून नाही, तरी छातीत धस्स होते. कारण तो मोह आपला असतो. एक स्त्री आयुष्यात येणार आहे असे वाचल्यावर तिला टाळण्यासाठी कुमार जे जे करतो, त्यातून काय होते ते मी सांगणार नाही. ज्यांनी पाहिले नाही त्यांचा आनंद का घालवावा? एवढे मात्र सांगावयास हवे की या भागात शृंगाराची दृश्ये सढळ हाताने घातली आहेत, काही गरजेची आणि बरीचशी बिनगरजेची. मुलांना निजवूनच हा भाग पाहावा. पहिल्या भागातील काटेकोरपणाही येथे सैलावतो. दैवाचा डाव दाखविताना लेखकाचा हात दिसू लागतो. पण गाभा टिकतो. ज्योतिष खरे की खोटे हा वाद मालिका सोडवीत नाही. कुमार स्वतंत्र आहे की नाही, हा प्रश्न ती सोडत नाही. अंधश्रद्धेची कथा आणि श्रद्धेचा विचार यांत जी सीमारेषा असते ती हीच.

जागरणाचा हिशेब

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. मिसळ साधते ती अनेक पदार्थ एकत्र आले म्हणून नव्हे. गणापासून वगापर्यंत कितीही वेष बदलले तरी खाली मृदंग एकच वाजत असतो. तसे कथेच्या तळाशी एकच माणूस, एकच भूक टिकून राहिली पाहिजे. अण्णांची हाव जोवर टिकली तोवर 'रात्रीस खेळ चाले' भूतकथा, प्रहसन आणि शोकांतिका ही तिन्ही रूपे लीलया घेऊ शकली. कुमारचा पान उलटण्याचा मोह शेवटपर्यंत टिकला म्हणून 'समांतर'चे दोष आपण माफ करतो.

दुसरा प्रश्न सलग पाहण्याचा. येथे मला एक विसंगती जाणवते आणि ती मोलाची वाटते. ज्या कथेत नायकाला रोज एकच पान वाचण्याची अट आहे, ती कथा आपल्यापुढे मात्र एकदम सारी उघडून ठेवलेली होती. कुमारने पान उलटले तर आपण चुकचुकतो, आणि त्याच वेळी आपला अंगठा पुढचा भाग लावीत असतो! मालिकेने प्रेक्षकाला एवढे अचूक पकडल्याचे दुसरे उदाहरण मला मराठीत आठवत नाही. उलट 'रात्रीस खेळ चाले' ही रोज थोडी पाहण्यासाठी केलेली. ती शेकडो भाग सलग पाहू गेल्यास तीच भीती, तेच दचकणे, तीच मागील भागाची उजळणी यांचा कंटाळा येतो. जे रोज चिमूटभर घेतल्याने चव येते ते मूठभर तोंडात टाकले तर तोंड पोळणारच.

म्हणून माझी शिफारस अशी. 'समांतर'चा पहिला भाग मोठ्या माणसांनी एका रात्रीत खुशाल पाहावा. तो त्यासाठीच घडविलेला आहे. दुसरा मात्र कुमारच्या अटीनेच पाहावा, रोज एक. मोह आवरून पाहा, म्हणजे ती कथा पडद्यावर जितकी घडते त्याहून अधिक तुमच्या घरात घडेल. 'रात्रीस खेळ चाले'च्या दुसऱ्या भागाचा पूर्वार्ध जेवणानंतर रोज थोडाथोडा पाहावा. पहिला भाग ज्याला रहस्याची आवड आहे त्याने पाहावा. तिसऱ्याकडे कोणी वळलेच नाही तर काही बिघडत नाही.

आणि हे पाहणे एकट्याने करू नये. सलग पाहण्याच्या नव्या सवयीविषयी माझी खरी तक्रार जागरणाची नाही. आमचे वाडवडील नमनाला पहाटेपर्यंत बसत, त्यांना कोणी व्यसनी म्हटले नाही. पण ते वर्षातून मोजक्या रात्री बसत, आणि साऱ्या वाडीसह बसत. संकासूर आला की भ्यालेल्या पोराला शेजारची काकीही जवळ घेई. एखादा संवाद चुकला तर मागून एखादा म्हातारा तो सुधारीत असे. आज घरातल्या चार खोल्यांत चार जण चार पडदे उशाशी घेऊन चार निराळ्या गोष्टींचा फडशा पाडतात आणि सकाळी चहाच्या वेळी एकमेकांशी बोलावयास त्यांच्याजवळ काही नसते. माईंचा चेहरा पाहून आपल्या आजीला काय वाटले, हे विचारावयाचे राहून जाते. जमिनीच्या भांडणाचा प्रसंग आला तेव्हा काका उठून बाहेर का गेले, हे कळत नाही.

दिवाळीत मुंबई-पुण्याची मंडळी गाडीने गावी येतात. भाऊबीजेला चार दिवस सारे घर एका छपराखाली असते. त्या चार दिवसांत एखादी अशी मालिका सर्वांनी मिळून पाहावी, थांबवून थांबवून पाहावी, मध्ये भांडावे, कोणाचे चुकले ते ठरवावे. वाड्याच्या वाटणीची कथा पडद्यावर पाहून आपल्याही घरातले एखादे जुने बोलणे सुरू झाले, आणि ते रागाने नव्हे तर हसत सुरू झाले, तर त्या मालिकेने वाहिनीच्या हिशेबात न बसणारे काहीतरी केले असे मी म्हणेन.